वाचकांचे प्रश्न : विश्वास ठेवायचा म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं का?

ख्रिस्ती विश्वास, तर्क आणि मोकळं मन या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली, काही चार ओळींत आटोपली. प्रश्नच तसे होते.

प्रश्न : श्रद्धा म्हणजे पुरावा नसताना मानणं. तर्क म्हणजे पुराव्याशिवाय न मानणं. मग ख्रिस्ती विश्वास आणि तर्क यांची सांगड बसणार कशी?

या प्रश्नात दोन व्याख्या आहेत आणि दोन्ही थोड्या घसरलेल्या आहेत.

आधी तर्काचं पाहू. तर्कशास्त्र पुरावा गोळा करत नाही. हाती असलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो की नाही, आणि ती विधानं एकमेकांना खोडतात की नाही, एवढंच ते तपासतं. ‘सर्व मासे उडतात, शार्क हा मासा आहे, म्हणून शार्क उडतो’ हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने वैध आहे. चूक त्याच्या पहिल्या विधानात आहे, आणि ती शोधायला तर्क पुरत नाही, समुद्रावर जावं लागतं. म्हणून ‘ख्रिस्ती विश्वास तर्कसंगत आहे का’ याचा काटेकोर अर्थ ‘त्यात आत्मविसंगती आहे का’ एवढाच होतो. ही परीक्षा पास होणं ही काही मोठी मजल नव्हे. नीट रचलेली कादंबरीही ती पास होते. ‘आमचा विश्वास तर्कसंगत आहे, म्हणून तो खरा आहे’ असं म्हणणारे ख्रिस्ती वक्ते इथे एक पायरी गाळतात.

आता विश्वास. बायबलच्या नव्या करारात त्यासाठी ‘पिस्तिस’ हा ग्रीक शब्द आहे. त्यात भरवसा, इमान आणि निष्ठा या तिन्ही छटा येतात. मराठी बायबलमध्ये त्याला ‘विश्वास’ म्हटलं आहे, ‘श्रद्धा’ नव्हे, आणि ही निवड चांगली आहे. विश्वास ‘कुणावर तरी’ टाकावा लागतो. धर्मसुधारणेनंतरच्या प्रॉटेस्टंट ईश्वरविद्यावेत्त्यांनी त्याचे तीन घटक सांगितले : ज्ञान, मान्यता आणि भरवसा. शस्त्रक्रियेचं उदाहरण घ्या. हा शल्यविशारद कोण आणि तो नेमकं काय करणार आहे, हे ठाऊक असणं म्हणजे ज्ञान. त्याला ते जमतं हे पटणं म्हणजे मान्यता. टेबलावर आडवं होऊन भूल घेणं म्हणजे भरवसा. पहिल्या दोन गोष्टींची पुराव्याने छाननी होते, व्हायलाच हवी. तिसरी ही कृती आहे. ती कुठल्याही युक्तिवादाच्या शेवटच्या ओळीतून आपोआप बाहेर पडत नाही.

गडबड होते ती पायऱ्या गाळल्याने. काही भाविक पहिल्या दोन वगळून थेट तिसरीवर उडी मारतात आणि तिलाच शुद्ध विश्वास म्हणतात. काही टीकाकार ही उडी पाहतात आणि आधीच्या दोन पायऱ्या बांधलेल्याच नव्हत्या असं धरून चालतात.

प्रश्न : पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, तरी देव एकच. एक अधिक एक अधिक एक बरोबर एक! इथे तर तर्क सरळसरळ मोडतो ना?

बेरीज बाजूला ठेवा. एकाच देवात तीन व्यक्ती असं सांगणाऱ्या या ‘त्रैक्या’च्या सिद्धान्तात तसा दावा कुणी केलेला नाही. खरी अडचण बेरजेपेक्षा बारीक आहे आणि तीच पाहण्यासारखी आहे. चार विधानं मांडू :

पिता देव आहे. पुत्र देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे. देव एकच आहे.

सगळा भार ‘आहे’ या शब्दावर आहे. तो दोन वेगळी कामं करतो. ‘पहाटेचा तारा म्हणजे शुक्र’ इथे दोन नावं एकाच वस्तूची आहेत, ही एकरूपता. ‘शुक्र हा ग्रह आहे’ इथे शुक्राला एका जातीत बसवलं, हे गुणविधान. मराठीत पहिल्या कामासाठी ‘म्हणजे’ वापरायची सोय आहे, म्हणून फरक चटकन दिसतो.

आता पहिली दोन विधानं ‘म्हणजे’ घालून वाचा. पिता म्हणजे देव, पुत्र म्हणजे देव. मग पिता म्हणजे पुत्र असंच निघतं, आणि तिसरं विधान मोडतं. बरं, ती गुणविधानं म्हणून वाचा, ‘पेत्र माणूस आहे, योहान माणूस आहे’ या चालीवर. मग पेत्र आणि योहान ही जशी दोन माणसं, तसे पिता आणि पुत्र हे दोन देव होतात, आणि चौथं विधान मोडतं. इकडे आड, तिकडे विहीर.

चर्चच्या इतिहासात या सिद्धान्ताबाबत पाखंड ठरलेले बहुतेक मार्ग म्हणजे या चारांपैकी एक विधान सोडून देणं होय. तिसऱ्या शतकातल्या साबेलियसच्या नावाने ओळखलं जाणारं मत म्हणतं की एकच देव तीन रूपांत दिसतो. म्हणजे तिसरं विधान सोडलं. चौथ्या शतकातला धर्मगुरू एरियस याने पुत्राला निर्माण केलेला मानलं. म्हणजे दुसरं सोडलं. इसवी सन 325 च्या निकेया आणि 381 च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदांनी चारही धरून ठेवायचं ठरवलं. पुढे त्यासाठी दोन वेगळे शब्द पक्के झाले : ‘ऊसिया’ म्हणजे सत्त्व, ते एक, ‘हायपोस्टेसिस’ म्हणजे व्यक्ती, त्या तीन. ज्या बाबतीत एक आहे त्याच बाबतीत तीन आहे, असं कुणी म्हटलेलं नाही. तसं म्हटलं असतं तर तो उघड व्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारं विधान, झाला असता.

यावर आक्षेप उरतोच : ‘सत्त्व एक आणि व्यक्ती तीन’ हे पेत्र, योहान आणि याकोब यांनाही लागू पडतं, तरी ती तीन माणसंच असतात. चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, याला हा आक्षेप विचारला गेला होता. त्याच्या उत्तराचा गाभा असा की तीन माणसं तीन वेगळी कामं करतात, पण देवाची प्रत्येक कृती एकच असते, पित्याकडून निघून पुत्राद्वारे आत्म्यात पुरी होणारी. विसाव्या शतकात ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञ पीटर गीच यांनी वेगळी वाट सुचवली : ‘एकच’ हा शब्द अधांतरी वापरता येत नाही, ‘एकच काय?’ हे सांगावंच लागतं. मग पिता आणि पुत्र ‘एकच देव’ असून ‘एकच व्यक्ती’ नसू शकतात. अशा सापेक्ष एकरूपतेचं या सिद्धान्ताबाहेर पटणारं उदाहरण सापडत नाही, ही तिची दुबळी बाजू.

आमचं मत : या सिद्धान्तात व्याघात आहे असं सिद्ध झालेलं नाही, आणि तो पूर्ण उलगडला आहे असंही नाही. या दोन्ही गोष्टी स्वच्छ सांगाव्यात. पाणी, बर्फ आणि वाफ हे लाडकं उदाहरण मात्र देऊ नये. तेच पाणी एका वेळी एका रूपात असतं, म्हणजे ते साबेलियसचंच मत झालं. तीन दलांच्या पानाचं उदाहरण देवाचे तुकडे पाडतं. आणि त्रैक्य नुसत्या बुद्धीने सिद्ध करायला निघालेल्यांना तेराव्या शतकात ईश्वरविद्यावेत्ता थॉमस अ‍ॅक्वायनसने स्पष्ट बजावलं होतं की ते सिद्ध होत नाही, आणि लंगडी कारणं पुढे केली की न मानणाऱ्यांच्या हसण्याला विषय मिळतो.

प्रश्न : देव सर्वशक्तिमान असेल तर स्वतःला उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकेल का?

नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. ‘सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा दगड’ हे ‘चौकोनी वर्तुळ’ या जातीचं शब्दांचं गाठोडं आहे. त्यातून कुठल्याच वस्तूचं वर्णन होत नाही. अ‍ॅक्वायनसचं सूत्र असं : ज्यात व्याघात आहे ते ‘होऊ शकणाऱ्या’ गोष्टींतच मोडत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मात्र तार्किक सत्यंही देवाच्या इच्छेवर अवलंबून असतात असं मानलं. तेवढ्याने हा प्रश्न सुटतो, पण बाकी सगळे युक्तिवाद हातातून निसटतात.

प्रश्न : बायबल खरं का? कारण ते देवाचं वचन आहे. देवाचं वचन कशावरून? कारण बायबलमध्ये तसं लिहिलंय. हा गोल फिरण्याचा प्रकार नाही का?

आहे. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि असा युक्तिवाद कुणी केला तर तो तिथेच थांबवावा.

गोल न फिरता जायचं तर सुरुवात खालून करावी लागते. शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूच्या चरित्राची चार पुस्तकं) आणि पत्रं यांच्याकडे आधी पहिल्या शतकातले दस्तऐवज म्हणून बघायचं, इतर कुठल्याही जुन्या लिखाणाला लावतो त्याच कसोट्या लावून : कधी लिहिलं, कोणी कोणाकडून घेतलं, हस्तलिखितं कुठे वेगळी पडतात. हे करताना गैरसोयीच्या गोष्टीही हाती लागतात. मार्कचा 16 वा अध्याय चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन्ही हस्तलिखितांत 8 व्या ओवीला संपतो. 9 ते 20 या ओव्या तिथे नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची प्रसिद्ध कथा (योहान 7:53 ते 8:11) याच दोन हस्तलिखितांत नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला असं मत्तय 27:5 सांगतं, तर प्रेषितांची कृत्ये 1:18 मध्ये तो शेतात पडून पोट फुटून मेला असं आहे. दोन्ही जुळवायच्या तोडी काढल्या गेल्या आहेत, पण वाचताना फरक दिसतो तो दिसतोच.

यातून ‘म्हणजे सगळंच खोटं’ असा निष्कर्ष निघत नाही. एका अपघाताचे चार जबाब तपशिलात वेगळे असले म्हणून अपघात झालाच नाही असं कुणी म्हणत नाही. ‘प्रत्येक अक्षर निर्दोष’ हा दावा मात्र यापुढे बराच कष्टाने सांभाळावा लागतो. तो दावा आणि ‘येशू क्रूसावर मेला’ हा दावा यांना एकाच दोरीत बांधणं ही नेहमीची घोडचूक आहे. पहिला सुटला की माणूस दुसराही सोडतो, खरं तर दुसऱ्याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

प्रश्न : मेलेला माणूस उठतो, हे विचारी माणसाने मानायचं कसं? ह्यूमने हा विषय केव्हाच संपवला आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा चमत्कारांवरचा निबंध 1748 चा. त्याचा मुद्दा थोडक्यात : चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी, जेव्हा ती साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही मोठं आश्चर्य ठरेल. मुद्दा जोरदार आहे, पण विषय संपलेला नाही. गंमत अशी की, संभाव्यतेचं जे गणित आज दोन्ही बाजू वापरतात ते थॉमस बेझ या ख्रिस्ती पाळकाचं. त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकाने ते प्रसिद्ध करवलं, आणि 1767 मध्ये त्याच प्राइसने ह्यूमला उत्तर लिहिलं.

ते गणित करून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

पुरावा पाहण्याआधी तुम्हाला येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मरून पुन्हा उठणं, किती शक्य वाटतं, हे गुणोत्तरात लिहा. समजा दहा लाखांत एक, म्हणजे 1 : 10,00,000. आता साक्षीचं वजन. घटना घडली असती तर अशी साक्ष मिळणं आणि घडली नसती तरी मिळणं, यांत समजा हजारपटीचा फरक आहे. गुणाकार केला की 1 : 1,000. म्हणजे शक्यता साधारण 0.1 टक्का. भक्कम साक्ष असूनही न मानणं इथे रास्त ठरतं.

आता दुसरी व्यक्ती घ्या. जग निर्माण करणारा देव आहे, तो इतिहासात हस्तक्षेप करू शकतो, हे तिला आधीच वेगळ्या कारणांनी बरंचसं पटलं आहे. तिचं सुरुवातीचं गुणोत्तर 1 : 100. तीच साक्ष, तोच हजारपट गुणाकार. उत्तर 10 : 1, म्हणजे जवळपास 91 टक्के. दोघांनीही गणित बरोबर केलं. भांडण पुराव्याचं दिसतं, पण निम्म्याहून अधिक ते सुरुवातीच्या आकड्याचं असतं.

गणित फसतं ते बहुधा त्या ‘हजारपटी’त. तीन साक्षीदार, प्रत्येकाचं वजन दहापट, म्हणून 10 × 10 × 10 = 1,000, असं धरलं जातं. हे तेव्हाच बरोबर, जेव्हा तिघे एकमेकांपासून स्वतंत्र असतील. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मजकूर वापरला असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यामुळे जिथे तिघांचे शब्द जुळतात तिथे तीन जबाब धरता येत नाहीत. वजन हजारवरून दहावर आलं, तर त्या दुसऱ्या व्यक्तीचंही उत्तर 1 : 10 होतं, म्हणजे सुमारे 9 टक्के. म्हणूनच अभ्यासक शुभवर्तमानांच्या आधी प्रेषित पौलाच्या पत्रांकडे वळतात. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इसवी सन 53 ते 55 मधलं, क्रूसाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्याच्या 15 व्या अध्यायात तो आपल्याला मिळालेली साक्षीदारांची यादी देतो आणि पाचशेंहून अधिक जणांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असंही लिहितो. रिकाम्या थडग्यापाशी गेलेल्या स्त्रिया या यादीत नाहीत, त्या शुभवर्तमानांत येतात. म्हणजे इथे निदान दोन वेगळे धागे हाती येतात. त्यांना किती वजन द्यायचं यावर जाणकारांत एकमत नाही.

त्याच अध्यायातली 14 वी ओवी या सदराच्या विषयासाठी महत्त्वाची वाटते. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ, असं पौल म्हणतो. आपला विश्वास नेमका कुठे मोडेल हे त्याने स्वतःच दाखवून ठेवलं आहे.

प्रश्न : ‘विसंगत आहे म्हणूनच मी विश्वास ठेवतो’ असं एका चर्चपित्याचं वचन आहे ना? मग चर्चा कशाला?

हे वचन टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर फिरतं, पण त्याने तसं लिहिलेलं नाही. इसवी सन 200 नंतरच्या काही वर्षांत ख्रिस्ताला खरं मानवी शरीर नव्हतं या मार्सियनच्या मताविरुद्ध लिहिताना, देवाचा पुत्र मेला हे विचित्र आहे म्हणूनच विश्वासार्ह आहे, अशा अर्थाचं वाक्य तो लिहितो. ते वादातलं धारदार वाक्य आहे, ज्ञानाचा सिद्धान्त नव्हे. त्या पुस्तकाच्या बाकीच्या भागात तो युक्तिवादच करतो.

पण ख्रिस्ती परंपरेत बुद्धीविरोधी सूर नव्हताच असं मात्र समजू नका. धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने 1546 मधल्या प्रवचनात बुद्धीला सैतानाची वेश्या म्हटलं आहे. उलट बाजूला, कॅथलिक चर्चच्या 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने देवाचं अस्तित्व बुद्धीच्या प्रकाशात निश्चित कळू शकतं हे अधिकृत मत ठरवलं आणि ते नाकारणाऱ्याला बहिष्कृत म्हटलं. बुद्धीवर भरवसा ठेवा, नाहीतर बाहेर व्हा. आज वाचताना हसू येतं खरं.

प्रश्न : चांगला आणि सर्वशक्तिमान देव असताना लहान मुलांना कर्करोग का होतो? हा प्रश्नच पुरेसा नाही का?

इथे दोन प्रश्न एकात गुंतलेले आहेत, ते सोडवल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही.

पहिला तार्किक. तत्त्वज्ञ जॉन मॅकी यांनी 1955 मध्ये मांडलं की ‘देव सर्वशक्तिमान आहे’, ‘देव पूर्ण चांगला आहे’ आणि ‘वाईट अस्तित्वात आहे’ ही तीन विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत. अ‍ॅल्विन प्लॅंटिंगा यांचं 1974 मधलं उत्तर असं : स्वतंत्र इच्छा असलेले जीव निर्माण करायचे आणि ते कधीच चुकणार नाहीत याची खात्रीही द्यायची, हे कदाचित देवालाही करता येण्यासारखं नसेल. ‘कदाचित’ एवढं पुरतं, कारण व्याघात नाही हे दाखवायला एक शक्य परिस्थिती दाखवली की काम होतं. आज या तार्किक रूपावर जोर देणारे तत्त्वज्ञ कमी आहेत.

दुसरा प्रश्न पुराव्याचा, आणि तो जास्त बोचरा आहे. विल्यम रो यांनी 1979 मध्ये जंगलातल्या वणव्यात भाजून कित्येक दिवस तडफडत मेलेल्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण घेतलं. कुणी पाहिलं नाही, कुणी काही शिकलं नाही, कुणाचं इच्छास्वातंत्र्य गुंतलं नाही. अशा दुःखाला पुरेसं कारण असेल असं वाटत नाही, म्हणून असा देव नसण्याचीच शक्यता अधिक. यावर नेहमीचं उत्तर असं की आपल्याला कारण दिसत नाही म्हणजे कारण नाहीच असं ठरत नाही. उत्तर तर्काला धरून आहे, पण ते महाग पडतं : देवाची कारणं आपल्याला इतकी अगम्य असतील, तर सूर्यास्त पाहून ‘बघा देव किती चांगला’ असं म्हणायचाही आधार राहत नाही.

आमच्या मते ख्रिस्ती विश्वासावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि इच्छास्वातंत्र्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातल्या कर्करोगाला नीट लागू पडत नाही. दुःखात असलेल्या माणसासमोर तर यातला एकही युक्तिवाद काढू नये. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात तो दुःखात असताना मित्र अध्यायामागून अध्याय कारणमीमांसा करतात, आणि शेवटी (42:7) देव रागावतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर.

प्रश्न : गॅलिलिओचं काय?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडल्याबद्दल त्याला झालेली 1633 ची शिक्षा ही चर्चची चूक होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 मध्ये ती मान्य केली. त्याहून बोलका आहे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप ऑगस्टीनचा इशारा : आकाश-पृथ्वीविषयी न मानणाऱ्यांना जे नीट ठाऊक आहे, त्यावर ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन बरळला, तर ते पुनरुत्थानाविषयी त्याचं का ऐकतील? इशारा होता, पाळला नाही. आणि उलट्या दिशेनेही तोल जातो. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या स्फोटक आरंभाच्या (बिग बँग) सिद्धान्तात निर्मितीची पुष्टी पाहिली. हा सिद्धान्त ज्यांच्या कामातून उभा राहिला ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि त्यांना ही जोडणी पसंत नव्हती.

प्रश्न : माझं मन मोकळं आहे असं मला वाटतं. पण तसं तर प्रत्येकालाच वाटतं. तपासायचं कसं?

कागद-पेन घेऊन. डोक्यातल्या डोक्यात ही तपासणी होत नाही.

एक दावा घ्या आणि तो एका वाक्यात लिहा. ‘ख्रिस्ती धर्म खरा आहे’ असा अवाढव्य दावा नको. ‘येशूच्या शिष्यांना तो मृत्यूनंतर दिसला’ एवढा आटोपशीर हवा. त्यापुढे आपली खात्री शंभरात किती ते लिहा. मग त्याविरुद्धचे तीन सर्वांत मजबूत आक्षेप लिहा आणि तो कागद खरोखर तसं मानणाऱ्या माणसाला दाखवा. ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं तो म्हणेपर्यंत पुन्हा लिहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण आक्षेप आपल्याच बाजूच्या पुस्तकातून उचललेले असतात. तिथे त्यांचे दात आधीच काढून ठेवलेले असतात. शेवटी, कोणती गोष्ट कळली तर आपली खात्री 80 वरून 60 वर येईल, ते लिहा. शून्यावर कशाने येईल हे विचारू नका. त्या प्रश्नाला सगळेच सुरक्षित उत्तर देतात. ‘येशूची हाडं नावासकट सापडली तर’ असं भाविक म्हणतो आणि ‘आकाशात अक्षरं उमटली तर’ असं नास्तिक म्हणतो. दोघांनाही पक्कं ठाऊक असतं की तसली वेळ येणार नाही.

ही पद्धत नवी नाही. अ‍ॅक्वायनसच्या मोठ्या ग्रंथातला प्रत्येक लेख विरोधी मताने सुरू होतो. ‘देव आहे का’ या लेखात तो आधी दोन आक्षेप मांडतो : जगात वाईट आहे, आणि सगळं काही देवाशिवाय समजावता येतं. आजही यापेक्षा नेमके दोन आक्षेप निवडणं अवघड आहे. अकराव्या शतकात अ‍ॅन्सेल्मने देवाच्या नुसत्या कल्पनेवरून देवाचं अस्तित्व सिद्ध करू पाहिलं, तेव्हा गॉनिलो नावाच्या साधूने त्याच रीतीने एक परिपूर्ण बेटही ‘सिद्ध’ करून दाखवलं. अ‍ॅन्सेल्मने उत्तर लिहिलं आणि आपल्या पुस्तकासोबत गॉनिलोची टीकाही नकलून द्यावी असं सांगितलं. (आम्हाला गॉनिलोचं म्हणणं जास्त पटतं.) कॅथलिक चर्चच्या संत ठरवण्याच्या प्रक्रियेत विरोधी बाजू मांडणारा अधिकारी 1587 पासून नेमलेला असे, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. 1983 मध्ये त्याची भूमिका बरीच आक्रसली.

याच चर्चने 1559 पासून निषिद्ध पुस्तकांची यादीही चालवली, आणि ती रद्द व्हायला 1966 उजाडावं लागलं. ‘ख्रिस्ती धर्म मोकळ्या मनाचा आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही ते यामुळे.

प्रश्न : तुम्ही दुसऱ्या घरात जन्मला असता तर दुसराच धर्म खरा म्हटला असता. यावर काय म्हणाल?

बहुधा म्हटला असता. पण मत कुठून आलं यावरून ते खरं की खोटं हे ठरत नाही. हाच नियम नास्तिक घरात वाढलेल्यालाही लागू आहे, पृथ्वी गोल आहे हे शाळेत शिकलेल्यालाही. आक्षेपाचं खरं वजन दुसरीकडे आहे : ज्या पद्धतीने निरनिराळी माणसं निरनिराळ्या निष्कर्षांवर पोचतात, ती पद्धत एकट्याने पुरेशी नाही. म्हणून परक्या धर्मातल्या चमत्काराला लावता तीच चाळणी आपल्यालाही लावा. भोकं लहान-मोठी करू नका.

प्रश्न : उपासनेनंतरच्या अभ्यासवर्गात शंका काढली की ‘प्रश्न नको, विश्वास ठेवा’ असं सांगतात. काय करावं?

शास्त्राचाच आधार घ्या. प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये बिरुया इथल्या लोकांची वाखाणणी आहे ती पौलाचं म्हणणं खरं की काय हे ते रोज शास्त्र उघडून तपासत म्हणून. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, असं सांगितलं आहे. तिथला ग्रीक शब्द न्यायालयातल्या बचावाच्या भाषणासाठीही वापरला जाई. थोमा या शिष्याने येशू उठल्याचा पुरावा मागितला तेव्हा त्याला थोडी कानउघाडणी ऐकावी लागली, पण ती जखमा दाखवून झाल्यावर.

प्रश्न विचारायची रीतही सांभाळा. ‘हे सगळं खरं कशावरून?’ याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. एका वेळी एक, ओवी दाखवून, लेखी विचारा आणि उत्तराला आठवडा द्या. वर्ग घेणाऱ्यालाही शोधायला सवड लागते. सुरुवातीला मार्कच्या शेवटाचा प्रश्न बरा पडेल. बऱ्याच नव्या आवृत्त्यांत 16:9 पाशी कंस किंवा तळटीप असते, त्यामुळे पान उघडूनच बोलणं सुरू करता येतं.